जेल पॉलिशचा टवका उडाला तर दुरुस्ती फुकट की पैसे घेऊन? तुमचा नियम काय?

नखरेल_नागपूर
नमस्कार मंडळी,
मी त्रिमूर्ती नगरला घरूनच नेल्सचं काम करते. साधं जेल पॉलिश (लॅम्पच्या प्रकाशात पक्कं होणारं) ६०० रुपये, एक्स्टेन्शन (नखाची लांबी कृत्रिमपणे वाढवणं) १५०० पासून. काम मन लावून करते, बहुतेक जणी परत येतात. पण टवका उडालेल्या नखावरून वाद होतात आणि ते माझ्या फार जिवाला लागतात.

गेल्या आठवड्यात एका ताईंचा फोन आला, "तुमचं पॉलिश निघालं, आज येते, करून द्या." लावून दीड आठवडा होऊन गेला होता. आल्यावर पाहिलं तर उजव्या हाताची तर्जनी टोकाकडून उडालेली, बाकीची नऊ नखं लावली तशीच. मी १०० रुपये सांगितले. त्या म्हणाल्या, "मग ६०० कशाचे घेतले? गॅरंटी काहीच नाही का?" शेवटी मी फुकट करून दिलं, पण मागची बुकिंगवाली मुलगी अर्धा तास सोफ्यावर बसून राहिली.

माझं म्हणणं एवढंच आहे की काम माझ्याकडून कच्चं झालं असेल तर एक रुपया घेणार नाही. नख वापरात तुटलं असेल तर माझ्या वेळेचे पैसे मिळायला हवेत. पण कोणाचं काय, हे ठरवायचं कसं? दिवस किती ठेवायचे? आणि समोरच्या बाईला आपण फसवतोय असं न वाटू देता सांगायचं कसं? काम करणाऱ्या आणि करून घेणाऱ्या, दोघींनीही लिहा.

गोकुळपेठ_गल्ली
सात दिवस फुकट, पुढे पैसे. झालं. काहून एवढा विचार करून राहिल्या ताई?

मनीषनगरवाली
@गोकुळपेठ_गल्ली, नुसत्या दिवसांवर ठरवलं तर दोन्हीकडून अन्याय होतो. चौथ्या दिवशी गाडीच्या डिक्कीत बोट सापडून तुटलेलं नखही फुकट, आणि माझ्या चुकीनं नवव्या दिवशी उचललं गेलेलं नख मात्र पैसे घेऊन. आधी नख पाहायचं, मग दिवस मोजायचे.

नखरेल ताई, बरीच वर्षं या कामात आहे म्हणून सविस्तर सांगते. नख स्वतःच सांगतं काय झालं ते.

क्युटिकलच्या, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या बाजूनं जेल उचललं असेल तर बहुतेक वेळा ते आपलं. एकतर नखावर चिकटलेली पातळ मेलेली कातडी नीट निघाली नाही, किंवा तेलकटपणा राहिला, किंवा जेल कातडीवर वाहून गेलं आणि तसंच लॅम्पमध्ये पक्कं झालं. कातडी हलते, नख हलत नाही, मग तिथून उचलायला सुरुवात होते.

टोकाकडून उडालं आणि दोन-तीन दिवसांत चार-पाच नखांचं उडालं, तर तेही आपलं. टोकाच्या कडेवरून बेस, रंग आणि टॉप कोटचा ब्रश फिरवून कड बंद करायची असते. घाईत ते राहून जातं.

एकच नख, तेही कामाच्या हाताचं, अंगठा किंवा तर्जनी, तर ते वापराचं. एक्स्टेन्शन मधोमध आडवं तडकलं असेल तर ठेच लागली आहे किंवा आपण त्याला मधे पुरेशी उंची दिली नव्हती. तिथे मात्र आपलं काम तपासायचं.

आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे निघालेला तुकडा. क्लायंटला सांगून ठेवा की तुकडा टाकू नका, घेऊन या. त्याची आतली बाजू गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर जेल नखाला धरलंच नव्हतं, दोष आपल्या तयारीचा. आतल्या बाजूला पांढरे पापुद्रे चिकटलेले असतील तर ते नखाचे थर आहेत. जेल पक्कं धरलं होतं, कोणीतरी ओढून काढलंय.

तर्रीपोहा
आमच्या घरी निघालेला तुकडा बहुतेक वेळा संत्र्याच्या सालीत सापडते. बायकोला नेलवाल्या ताईंनी सांगितलं, नखानं संत्री सोलू नका. ती म्हणे, मग नागपूर सोडून जाऊ का? तेव्हापासून डिसेंबर आला की संत्री मी सोलून राहिलो.

मनीषनगरवाली
@तर्रीपोहा, दादा, असे नवरे वाढले तर आमची अर्धी दुरुस्ती वाचेल.

बजाजनगरची_काकू
मी करून घेणाऱ्यांपैकी. वरचं वाचून बरं वाटलं, पण माझा अनुभव वेगळा आहे. मुलीच्या साखरपुड्याला एका मोठ्या सलूनमध्ये एक्स्टेन्शन केलं. तिसऱ्या दिवशी दहाच्या दहा नखं मुळाकडून सुटायला लागली, केसांत हात घातला की केस अडकायचे. परत गेले तर काउंटरवरची मुलगी नखांकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही भांडी घासली असतील." माझ्याकडे भांड्याला बाई आहे हो! आणि समजा घासली असती, तरी बाईमाणसाचे हात आहेत, पाण्यात जाणारच. पाण्यात हात घातल्यावर तीन दिवसांत निघणारी वस्तू १८०० रुपयांना विकता कशाला?

त्यामुळे "वापराचं" हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. दोष कोणाचा हे ठरवणारी पण तुम्हीच आणि पैसे घेणारी पण तुम्हीच. ब्लाउजची शिवण उसवली तर आमचा शिंपी आधी टाका घालून देतो, मग विचारतो काय झालं.

नखरेल_नागपूर
काकू, तुमचं बरोबर आहे. तीन दिवसांत दहाही नखं सुटली तर त्यात विचारायचं काही राहतच नाही, ते सगळं काढून नव्यानं करून द्यायला हवं होतं. न बघता बोलणं तर फारच वाईट.

आणि निर्णय माझ्याच हातात आहे हे तुम्ही म्हणालात ते खरंच. म्हणून मला असा नियम हवाय जो क्लायंटला बसल्या जागी स्वतःला तपासता येईल. मनीषनगरवाली ताईंची तुकड्याची खूण त्यासाठीच आवडली. ती मी दाखवू शकते, मला शब्दावर विश्वास ठेवा म्हणायची गरज नाही.

रसायनवाला
नेल्सचं काम करत नाही, पण पॉलिमरमध्ये शिकलोय आणि बहीण पार्लर चालवते, म्हणून थोडं लिहितो.

जेल सुकत नाही, प्रकाशानं त्याची जाळी बांधली जाते. बहुतेक जेलना ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश लागतो. लॅम्पवर ४८ वॅट छापलंय म्हणजे नखापर्यंत तेवढा पोचतोच असं नाही. स्वस्त लॅम्पचे काही दिवे बंद पडलेले असतात आणि कोणी वाकून बघत नाही. दाट पांढरा आणि काळा रंग प्रकाश अडवतात, म्हणून ते जाड लावले की वरून कडक, आतून कच्चे राहतात. चार बोटांसोबत अंगठा घातला की तो तिरका पडतो, त्याच्या एका कडेला प्रकाश कमी मिळतो. अंगठे वेगळे घालायला हवेत. तुमच्याकडे अंगठ्याच्याच तक्रारी जास्त येत असतील तर क्लायंटला दोष देण्याआधी हे एकदा बघा.

दुसरं पाण्याचं. आधी पाण्यात हात बुडवून मॅनिक्युअर आणि लगेच जेल, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. नख पाणी पिऊन फुगतं, जेल त्या फुगलेल्या नखावर बसतं, तासाभरात नख मूळ आकारात येतं आणि जोड ताणला जातो. कोरडं मॅनिक्युअर करून जेल लावलेलं चांगलं टिकतं.

आणि संत्र्याचा प्रश्न आलाच आहे तर, पक्कं झालेलं जेल सालीच्या तेलानं असं चटकन विरघळत नाही. ॲसिटोनमध्येसुद्धा ते फुगून सुटतं, म्हणून तर दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवावं लागतं. संत्रं सोलताना नख मोडतं ते जोरानं, टोकाशी तरफेसारखा भार पडतो म्हणून.

नवतपा
नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल कोणी बोललंच नाही! मे महिन्यात पारा ४५ च्या वर, खोलीत कूलर, कूलरची दमट हवा आणि क्लायंटच्या हाताला घाम. नख कोरडं करणारं डिहायड्रेटर लावून, जेल धरून ठेवणारं प्रायमर उघडेपर्यंत नख परत ओलं. त्यात ऐन वेळी लाईट गेली की हात अर्धवट लॅम्पमध्ये. मी दोन गोष्टी केल्या. नेल्सच्या टेबलाकडे कूलरचं तोंड ठेवत नाही, आणि लॅम्प इन्व्हर्टरवर घेतला. जेलच्या बाटल्याही खिडकीपासून लांब, उन्हानं बाटलीतच घट्ट होतात. उन्हाळ्यातल्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

ऑरेंज_सिटी_गर्ल
उन्हाळ्यात कुरडया-पापड पण असतात ना. माझी आई जेल लावून गव्हाचा चीक हाटायला बसली होती, दोन दिवसांत सगळं संपलं. नेलवालीकडे जायची हिंमतच झाली नाही तिची :)

कोर्टाची_पायरी
वकिली करतो. या धंद्यात पावती देण्याची पद्धत कमी आहे, म्हणून लिहितो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सेवेलाही लागू आहे, पार्लर असो की घरून काम, पैसे घेऊन सेवा दिली की झालं. त्यातलं कलम २(४७) अनुचित व्यापारी प्रथांचं आहे. बिल किंवा पावती न देणं त्यात येतं. सेवेत कमतरता असताना पैसे परत करायला नकार देणं हेही येतं. आणि इथेच तुमच्या उपयोगाची गोष्ट आहे. परत करण्याची मुदत बिलावर लिहिलेली असेल तर ती, काहीच लिहिलेलं नसेल तर ३० दिवस. म्हणजे मुदत लिहिली नाही तर तुमचंच नुकसान.

हे कमतरतेबद्दल आहे. डिक्कीत सापडून तुटलेल्या नखाला ते लागू नाही. पण कमतरता होती की नव्हती यावर वाद झाला तर काम झाल्या दिवशीचे फोटो कामी येतात. दोन्ही हातांचे, अंगठ्यांसकट. क्लायंटच्या फोनवर तिथेच पाठवून द्या, म्हणजे दोघींकडे राहतात. काकूंसारख्या प्रसंगात ग्राहकानं १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

"एकदा दिलेले पैसे परत मिळणार नाहीत" अशी पाटी लावून कोणी सुटत नाही, हेही लक्षात ठेवा.

वर्धेची_पोर
१०० रुपयांच्या नखाला कायद्याची कलमं? मी वर्धेला काम करते, छोटं गाव आहे, सगळ्या ओळखीच्या. कोणाचंही नख तुटलं की फुकट करून देते, विचारतसुद्धा नाही. ती बाई पाच जणींना सांगते. मले तर हेच परवडते.

मनीषनगरवाली
@वर्धेची_पोर, तुझं मन मोठं आहे ग, पण हिशेब मांडून बघ. एक एक्स्टेन्शन दुरुस्त करायला जुनं घासणं, पुन्हा टिप (तयार नकली टोक) किंवा फॉर्म (खाली लावायचा साचा), लांबी बांधणारं बिल्डर जेल, आकार, रंग, टॉप. २० ते ३० मिनिटं जातात. लग्नसराईत अशा चार आल्या तर एक पूर्ण क्लायंट गेली. आणि जी बाई नखं जपून वापरते तिच्या पैशातून तू बेफिकीर बाईची दुरुस्ती करतेस, हे मला पटत नाही.

वर्धेची_पोर
लग्नसराईचं मान्य. बाकी वर्षभर मी फुकटच करीन ताई, माझा स्वभाव आहे तो.

खुर्ची_भाड्याची
मी सदरला एका सलूनमध्ये कमिशनवर आहे. इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सलूनची पाटी आहे, "१५ दिवस मोफत दुरुस्ती". ती दुरुस्ती आम्ही मुली करतो आणि त्याचं कमिशन शून्य. मूळ काम दुसरीनं केलं असेल आणि ती त्या दिवशी सुट्टीवर असेल तरी करायचं मीच. मालकांचं नाव होतं, वेळ आमचा जातो. मग घाईघाईत टवक्यावर नुसता रंग भरून टॉप कोट मारतात मुली, तो चार दिवसांत पुन्हा उडतो, पुन्हा बाई रागावून येते.

तुमच्याकडे हाताखाली मुलगी असेल तर फुकट दुरुस्तीचेसुद्धा तिला पैसे द्या, ही विनंती. नियम ठरवताना तो खर्च धरून मूळ दर ठरवा.

नखरेल_नागपूर
हे फार महत्त्वाचं लिहिलंस. माझ्याकडे दिवाळीपासून एक मुलगी शिकायला येते, तिच्याबाबतीत हे आधीच ठरवून टाकते.

सिस्टर_नाईट_ड्युटी
नर्स आहे, नेल्स लावत नाही (ड्युटीवर चालत नाहीत), पण एक सांगायचंय. कधी कधी दुरुस्ती करायचीच नसते, ना फुकट ना पैसे घेऊन.

जेल उचललं गेलं आणि बाई तशीच दोन-तीन आठवडे राहिली की त्या फटीत पाणी साचतं आणि नखावर हिरवट डाग येतो. बऱ्याच वेळा तो स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो. त्यावर पुन्हा जेल लावून झाकू नका. सगळं काढा, नख मोकळं आणि कोरडं ठेवायला सांगा, डॉक्टरांकडे पाठवा. तिच्यावर वापरलेली फाइल आणि बफर फेकून द्या, धातूची अवजारं निर्जंतुक करा. नख मांसापासून सुटलं असेल, रक्त आलं असेल, बोट सुजलं असेल तरी तेच.

आणि फक्त टवका भरताना जेल कातडीवर सांडू देऊ नका. कच्चं जेल वारंवार कातडीला लागून ॲलर्जी होते. एकदा झाली की आयुष्यभर त्रास देऊ शकते, क्लायंटला आणि तुम्हालाही.

गोकुळपेठ_गल्ली
बाप्पा! म्हणजे उचललेलं नख लवकर दाखवायला येणं हे आपल्याच भल्याचं. मी तर फेविक्विक लावून चालवते.

मनीषनगरवाली
@गोकुळपेठ_गल्ली, ते नको! आत पाणी कोंडून ठेवताय तुम्ही. आणि वरून आम्हाला ते घासून काढायला तिप्पट वेळ लागतो.

तर्रीपोहा
धाग्यावर नसलेला एक प्रश्न. सावजीत जेवून आलो की बायकोची पांढरी फ्रेंच टोकं पिवळी होतात. हे दुरुस्तीत येते का?

नवतपा
हळद हो ती. फिकट रंगावर बसतेच. ताजी असेल तर टॉप कोट हलका घासून नवा मारला की बहुतेक जाते, पण ते दुरुस्तीत धरत नाही मी. हळदीच्या कार्यक्रमाला जाणारी नवरी असेल तर तिला आधीच सांगते, हळद होऊ द्या, मग नेल्स करा. चमच्यानं खायला सांगा वहिनींना.

तर्रीपोहा
सावजी अन् चमच्यानं? ते घरात बोलायची माझी हिंमत नाही.

नखरेल_नागपूर
सगळ्यांचं वाचून दोन दिवस विचार केला. आता हे पक्कं करते, कुठे चुकत असेल तर सांगा.

पहिले सात दिवस: उचललं, सोललं, टोकाचा टवका उडाला, काहीही असो, प्रश्न न विचारता फुकट. काकूंचा राग डोक्यात ठेवून हे केलंय. पहिल्या आठवड्यात संशयाचा फायदा क्लायंटला. दोनपेक्षा जास्त नखं गेली असतील तर नुसती दुरुस्ती नाही, पूर्ण सेट काढून नव्यानं, आणि तेही नको असेल तर पैसे परत.

आठ ते चौदा दिवस: नख बघून. क्युटिकलकडून उचललं असेल किंवा तुकडा आतून गुळगुळीत असेल तर फुकट. ठेच लागून तुटलं असेल किंवा ओढून काढलं असेल तर जेल पॉलिशच्या नखाला ५० आणि एक्स्टेन्शनच्या नखाला १०० रुपये.

चौदा दिवसांनंतर दुरुस्ती बंद, रिफिल, म्हणजे नख वाढून मोकळी झालेली जागा पुन्हा भरणं. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे तीन आठवड्यांत एक्स्टेन्शनची मधली उंची पुढे सरकते आणि ते तुटणारच. तिथे एक नख जोडून देणं म्हणजे दुसरं तुटायची वाट बघणं.

दुरुस्तीला फोन करून वेळ घेऊन यायचं, उचललेलं दिसल्यापासून दोन-तीन दिवसांत. हिरवट डाग किंवा जखम असेल तर फक्त काढून देणार, त्याचे पैसे नाहीत.

हे मराठीतून छापून घेतेय, पावतीच्या मागे. आणि काम सुरू करायच्या आधी तोंडी सांगणार, पैसे घेताना नाही. काम संपलं की दोन्ही हातांचे फोटो क्लायंटच्या फोनवर.

बजाजनगरची_काकू
पहिला आठवडा न विचारता फुकट, हे वाचून छान वाटलं. एवढं जरी त्या सलूननं केलं असतं तरी मी आजही तिथेच जात असते. एक विचारते, पन्नास आणि शंभर हे दर पावतीवर आकड्यात लिहिणार ना? "योग्य शुल्क" वगैरे नको.

नखरेल_नागपूर
आकड्यातच, काकू.

मनीषनगरवाली
नियम चांगला बसवलाय. एकच भर घाल. मधे दुसरीकडे दुरुस्त करून आलेली किंवा घरी घासलेली नखं. त्यांच्या जेलवर आपलं जेल धरेल की नाही सांगता येत नाही, खाली काय लावलंय माहीत नसतं. मी अशा वेळी ते नख पूर्ण काढून नव्यानं करते आणि नव्या नखाचे पैसे घेते. नाहीतर त्यांचं कच्चं काम तुझ्या नावावर जाईल.

नखरेल_नागपूर
घातलं. "इतर ठिकाणी दुरुस्त केलेलं किंवा गोंद लावलेलं नख नव्यानं करावं लागेल, एका नखाचे १५० रुपये." @गोकुळपेठ_गल्ली, तुम्ही माझ्याकडे आलात तर फेविक्विकचं पहिलं नख मी तसंच काढून देईन, पण पुढचं १५० ला.

गोकुळपेठ_गल्ली
मंजूर. शनिवारी दुपारी वेळ आहे का? तीन नखं आहेत.

नखरेल_नागपूर
चार वाजता या. ॲसिटोनमध्ये ठेवावं लागेल, तासभर काढून या आणि येताना हाताला तेल-क्रीम काही लावू नका.